रूट कॅनॉल केलेली दाढ किती वर्षं टिकते?

“मॅडम, एवढे पैसे घालून दाढ राहणार किती वर्षं ते सांगा. नाहीतर काढूनच टाका एकदाची.”

सातारा जिल्ह्यातल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतोच. प्रश्न रास्त आहे. एका दाढेपायी दोन-तीन खेपा, भुलीचं इंजेक्शन, एक्स-रे, आणि शेवटी दाढेवर बसवायच्या टोपीचा, म्हणजे कॅपचा, खर्च वेगळा. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला पुढचा हिशेब हवाच असतो. पण हाच प्रश्न चार दंतवैद्यांना विचारलात तर चार उत्तरं मिळतील. कुणी ‘जन्मभर’ म्हणेल, कुणी ‘दहा वर्षं धरून चाला’ म्हणेल, तर कुणी ‘काढून इम्प्लांटच बसवा’, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात लावा, असा सल्ला देईल. मग पेशंटला वाटतं, यातला कुणीतरी आपल्याला फसवतोय. बहुतेक वेळा तसं काही नसतं. ‘यशस्वी’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकाने वेगळा धरलेला असतो, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळ्या अवस्थेतली दाढ असते.

आधी दाढेच्या आत काय असतं ते पाहू. वरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल, त्याखाली पिवळसर डेंटिन, आणि त्याच्या पोटात एक लहानशी पोकळी. त्या पोकळीत मऊ, जिवंत गर असतो. त्यात रक्तवाहिन्या असतात, वेदना नेणाऱ्या नसा असतात. हा गर मुळांमधल्या केसाएवढ्या नळ्यांतून खाली उतरतो. या नळ्या म्हणजेच रूट कॅनॉल. आपल्याकडे सर्रास ‘नस मारली’ म्हणतात, आणि त्या शब्दाने बरंच नुकसान केलंय. दुखणारी नस मारली की काम संपलं, असं माणूस धरून चालतो. या उपचारात आतला गर काढून नळ्या साफ करतात आणि भरून बंद करतात. त्याचं खरं काम आहे आतले जंतू बाहेर काढणं आणि नंतर त्यांना पुन्हा आत शिरू न देणं. दुखणं थांबणं हा त्यातला एक टप्पा झाला.

सगळा खेळ जंतूंचा आहे हे पक्कं समजलं ते १९६५ साली. अमेरिकेत काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढा गरापर्यंत कोरल्या आणि तशाच उघड्या सोडून दिल्या. साध्या उंदरांच्या दाढांतला गर सडला, मुळाशी पू झाला. जन्मापासून निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढांतही अन्नाचे कण अडकले होते, पण त्यांचा गर जिवंत राहिला आणि उघड्या जागेवर नवं डेंटिन धरायला लागलं. जखम दोघांना सारखीच होती, एका बाजूला जंतू नव्हते एवढाच फरक. रूट कॅनॉलबद्दल पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एका निरीक्षणावर उभं आहे.

आता दाढ दुखते तेव्हा घरोघरी काय होतं ते बघा. पहिल्या रात्री ठणका लागतो. लवंगेचं तेल लावलेला बोळा ठेवतात, मेडिकलमधून गोळी आणतात. चार-आठ दिवस असेच जातात, आणि एके दिवशी दुखणं आपोआप थांबतं. माणूस सुटकेचा श्वास टाकतो. पण अशा वेळी बहुधा आतला गर मेलेला असतो, आणि मेलेल्या गराला दुखत नाही. आता जंतूंना आत पूर्ण मोकळं रान असतं. ते हळूहळू मुळाच्या टोकातून बाहेर पडून जबड्याच्या हाडाला त्रास देतात, आणि तिथलं हाड विरघळायला लागतं. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी जो गोल काळा डाग दिसतो तो हाच. सहा महिन्यांनी गाल सुजला की माणूस दवाखान्यात येतो आणि म्हणतो, “कालपासून त्रास सुरू झालाय.”

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण म्हणजे यशाचे आकडे इथेच फुटतात. स्वीडनमध्ये स्योग्रेन आणि सहकाऱ्यांनी १९९० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रूट कॅनॉल होऊन ८ ते १० वर्षं झालेल्या ३५६ पेशंटना त्यांनी परत तपासलं. ज्या दातांत उपचाराच्या वेळी मुळाशी डाग नव्हता, त्यातले ९६ टक्क्यांहून अधिक यशस्वी ठरले. गर मेलेला होता आणि मुळाशी डाग पडलेला होता, तिथे हा आकडा ८६ टक्क्यांवर आला. आणि आधी एकदा रूट कॅनॉल झालेलं, तरीही डाग असलेले, म्हणून दुसऱ्यांदा उपचार करावे लागलेले दात? त्यांतले ६२ टक्केच यशस्वी झाले. अभ्यास एकच होता, तरी आकडे तीन आले. म्हणून ‘रूट कॅनॉल किती टक्के यशस्वी होतं’ असं कुणी विचारलं की मी आधी एक्स-रे मागते.

दुसरा गोंधळ ‘यश’ या शब्दाचा. १९५६ साली, स्वीडनमध्येच, स्ट्रिंडबर्ग यांनी यशाची फार कडक व्याख्या केली. पेशंटला काही त्रास नको, आणि एक्स-रेमध्ये मुळाभोवतीची बारीक काळी रेघ अगदी निरोगी दातासारखी दिसायला हवी. डाग निम्मा भरून आला असेल, पण पूर्ण गेला नसेल, तर ते यश नाही. या फूटपट्टीने मोजलं तर आकडे खाली येतात. पेशंटची फूटपट्टी साधी असते. दाढ तोंडात आहे, भाकरी चावता येते, दुखत नाही, मग झालं यश. अमेरिकेत २००४ साली सालेहराबी आणि रोटस्टाइन यांनी विम्याच्या नोंदींवरून १४ लाख ६२ हजारांहून अधिक दातांचा हिशेब लावला. रूट कॅनॉलनंतर आठ वर्षांनी त्यातले ९७ टक्के दात तोंडात शाबूत होते. हा आकडा जाहिरातीत टाकायला फार बरा वाटतो. पण तो दात टिकण्याचा आकडा आहे. त्यातल्या काही दातांच्या मुळाशी शांत डाग असूही शकतो, कारण विम्याच्या नोंदीत एक्स-रे नसतो. दोन्ही आकडे खरे आहेत. सांगणाऱ्याने कोणता सांगतोय ते उघड करावं, एवढीच माझी अपेक्षा.

आता मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते त्या गोष्टीकडे येते.

काही वर्षांपूर्वी ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवणारा एक तरुण माझ्याकडे आला होता. खालची पहिली दाढ, तीन कॅनॉल, काम मनासारखं झालं. शेवटच्या खेपेला मी वरून कच्चं सिमेंट भरलं आणि सांगितलं, दोन-तीन आठवड्यांत कॅपसाठी या. दुखणं थांबलं होतं, हंगाम सुरू होता, हातात पैसे नव्हते. तो आला सात महिन्यांनी, रुमालाने गाल दाबून. आदल्या संध्याकाळी फुटाणे खाताना ‘कट्’ असा आवाज आला होता. दाढ मधोमध चिरली होती, चीर हिरडीखाली मुळापर्यंत गेलेली. काढण्यावाचून इलाज नव्हता. दोन तुकडे ट्रेमध्ये ठेवले तेव्हा मी ते बराच वेळ बघत राहिले. कॅनॉलमध्ये आम्ही जे रबरासारखं गुलाबी गटापर्चा भरतो, ते तिन्ही नळ्यांत टोकापर्यंत जसंच्या तसं बसलेलं होतं. एक्स-रेवर कुणीही पूर्ण गुण दिले असते. रूट कॅनॉल यशस्वी झालं होतं आणि दाढ गेली होती.

हा एकट्याचा अनुभव नाही. १९९१ साली व्हायर या संशोधकाने रूट कॅनॉलनंतर काढाव्या लागलेल्या ११६ दातांची कारणं तपासली. जवळपास ५९ टक्के दात वरची बांधणी कमी पडल्यामुळे गेले होते, म्हणजे मोडणं, चिरणं वगैरे. ३२ टक्के हिरडी आणि हाडाच्या आजाराने गेले. मुळातल्या कामाच्या दोषामुळे गेलेले दात ९ टक्केसुद्धा नव्हते. अमेरिकेतल्या त्या लाखो दातांच्या अभ्यासातही हेच निघालं. जे दात काढावे लागले, त्यातल्या ८५ टक्के दातांवर कॅपच नव्हती. अकिलिनो आणि कॅप्लन यांनी २००२ साली दाखवलं की कॅप नसलेले असे दात कॅपवाल्यांपेक्षा सहापट वेगाने जातात. यातला काही फरक असाही असू शकतो की ज्यांना दाताची काळजी आहे तेच लोक कॅप बसवतात. पण सहापट हा फरक केवळ स्वभावाचा म्हणून सोडून देता येत नाही.

कॅप का लागते? ‘रूट कॅनॉल केल्यावर दात वाळक्या लाकडासारखा ठिसूळ होतो’ असं सगळीकडे सांगितलं जातं, आणि मीही कॉलेजात तेच शिकले. तपासून पाहिल्यावर ते फारसं खरं ठरलं नाही. रीह, मेसर आणि डग्लस यांनी १९८९ साली दाताचा ताठरपणा मोजला. रूट कॅनॉलसाठी वरून पाडलेल्या भोकामुळे तो ५ टक्केच कमी झाला. पण किडीमुळे दाढेच्या पुढची-मागची भिंत गेली आणि मधला भाग कोरावा लागला, तर तो ६३ टक्क्यांनी घटला. म्हणजे दाढ कमकुवत होते ती आधीच्या किडीने आणि खोदकामाने. रूट कॅनॉलची वेळ येते तोवर बहुतेक दाढांच्या एक-दोन भिंती गेलेल्याच असतात. उरलेल्या भिंती चावताना बाहेरच्या बाजूला फाकतात. कॅप त्यांना चारी बाजूंनी आवळून धरते, बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव आवळून धरते तशी. म्हणूनच पुढचा दात असेल, फक्त मागून लहानसं भोक असेल आणि बाकी दात शाबूत असेल, तर नुसत्या पक्क्या सिमेंटवर भागू शकतं. दाढेला मात्र कॅप टाळू नका. धातूची, सिरॅमिकची की झिरकॉनियाची, हा प्रश्न खिशाचा आणि दिसण्याचा आहे. साधी धातूची कॅपही मागच्या दाढेला उत्तम चालते.

दुसरं कारण लाळेचं. कच्चं सिमेंट झिजतं, कडेने सुटतं, आणि लाळ आत झिरपायला लागते. लाळेबरोबर जंतूही जातात. १९९५ साली रे आणि ट्रोप यांनी एक हजारावर दातांचे एक्स-रे बघून विचारलं: मुळातलं काम चांगलं की वरचं काम चांगलं, मुळाशी डाग नसण्याशी कशाचा संबंध जास्त? उत्तर आलं, वरच्या कामाचा. त्यावर नंतर वादही झाले, दोन्ही चांगली हवीत हे पुढच्या अभ्यासांनी दाखवलं. पण त्या एका लेखाने आमच्या धंद्याची नजर मुळाच्या टोकावरून उचलून वरही वळवली, हे मोठं काम झालं.

याचा अर्थ मुळातलं काम कसंही चालतं असा नाही. तिथे काय चालतं ते थोडं जवळून सांगते. दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात, त्याला रबर डॅम म्हणतात. त्याने लाळ बाहेर राहते आणि औषध घशात जात नाही. मग बारीक फाइल, म्हणजे कानशीसारखी खरखरीत सुई, नळीत उतरवली जाते. ती मुळाच्या टोकाजवळ पोचली की एक छोटं यंत्र बीप-बीप करतं आणि लांबी कळते. इथे अर्धा मिलिमीटरही मोलाचा असतो. स्योग्रेन यांच्याच अभ्यासात, मुळाशी डाग असलेल्या दातांपैकी ज्यांच्या नळीतला भराव टोकापासून २ मिलिमीटरच्या आत थांबला होता ते ९४ टक्के बरे झाले, आखूड राहिलेले ६८ टक्के, आणि टोकाबाहेर गेलेले ७६ टक्के. फाइलने नळी रुंद होते, पण भिंतींच्या कपारीतले जंतू मारतं ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे घरात फरशीसाठी वापरतो त्या ब्लीचचंच द्रावण. ते पुरेसा वेळ आत राहावं लागतं. ‘मॅडम, नुसतं पाणीच मारताय, काम कधी सुरू करणार?’ असं विचारणाऱ्यांना मी सांगते, हेच काम आहे.

उपचार फसतो तो बरेचदा एखादी नळी राहून गेल्यामुळे. वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळं असतात, पण पुढच्या गालाकडच्या मुळात निम्म्याहून जास्त लोकांना दोन नळ्या असतात. ही दुसरी नळी इतकी बारीक आणि लपलेली असते की साध्या डोळ्यांना सहज चुकते. सूक्ष्मदर्शक असेल तर सापडण्याची शक्यता पुष्कळ वाढते. खालच्या दुसऱ्या दाढेत कधी नळ्या एकमेकींत मिसळून इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी फट तयार होते, ती साफ करणं फार जिकिरीचं. असं काही असलं की मी ते काम ‘कॉन्झर्व्हेटिव्ह अँड एंडोडॉन्टिक्स’ या, म्हणजे दात वाचवण्याच्या आणि रूट कॅनॉलच्या, विषयात एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेतलेल्या सहकाऱ्याकडे पाठवते. त्यात कमीपणा नाही, आणि पेशंटनेही ‘यासाठी स्पेशालिस्ट लागेल का?’ असं विचारायला संकोच करू नये. मुंबईच्या नायर डेंटल कॉलेजात किंवा मुंबई आणि नागपूरच्या सरकारी डेंटल कॉलेजांत हेच काम पुष्कळ कमी खर्चात होतं. वेळ जास्त लागतो, पण शिक्षकांची नजर असते.

एकदा फसलं तर सगळं संपलं असंही नाही. भराव काढून पुन्हा साफ करून भरता येतं. लंडनच्या एका मोठ्या अभ्यासात, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, पहिल्यांदा केलेल्या रूट कॅनॉलचं यश ८३ टक्के आणि दुसऱ्यांदा केलेल्याचं ८० टक्के आलं. चार वर्षांनी दोन्ही गटांतले ९५ टक्के दात तोंडात होते. तेही नाही जमलं तर हिरडी उघडून मुळाचं टोक छाटून मागून सील करता येतं. मूळ उभं चिरलं असेल तर मात्र काहीही करून उपयोग नाही, आणि ते स्पष्ट सांगायला दंतवैद्याने कचरू नये.

आमच्यात मतभेद आहेत ते कुठे? एका बैठकीत करावं की दोन-तीन, यावर भरपूर वाद झाले. अभ्यासांच्या मोठ्या आढाव्यांत यशात ठळक फरक सापडलेला नाही, म्हणून ‘एकाच सिटिंगमध्ये’ या जाहिरातीला भुलू नका आणि घाबरूही नका. खरा वाद इम्प्लांटचा. इम्प्लांट बसवणारे म्हणतात, डळमळीत दाढेवर पैसे घालवू नका. त्यात तथ्य आहे, कारण ज्या दाढेची एकही भिंत हिरडीच्या वर उरलेली नाही तिला मीसुद्धा हात लावत नाही. पण वाचवता येण्यासारखी दाढ काढून इम्प्लांट बसवण्याला माझा विरोध आहे. अमेरिकेत २००६ साली १९६ इम्प्लांट आणि १९६ रूट कॅनॉल केलेले दात जोडीजोडीने ताडून पाहिले. दोन्हीकडे ६.१ टक्केच निकामी झाले. पण इम्प्लांटपैकी १७.९ टक्क्यांवर नंतर काहीतरी दुरुस्ती करावी लागली, दातांपैकी ३.६ टक्क्यांवर. टिकाव सारखा असेल तर स्वतःचं हाडाशी जुळलेलं मूळ आधी.

‘रूट कॅनॉलमुळे कॅन्सर होतो’ हा मेसेज दर काही महिन्यांनी फिरतो. त्याचं मूळ १९२०च्या दशकातल्या वेस्टन प्राइस या अमेरिकी दंतवैद्याच्या प्रयोगांत आहे; असे दात शरीरात इतरत्र आजार पसरवतात, असा त्यांचा दावा होता. ते प्रयोग पुढे नीट नियंत्रण ठेवून केले तेव्हा तसे निष्कर्ष आले नाहीत. एवढ्या भीतीपोटी चांगली दाढ काढून आलेली माणसं पाहिली की वाईट वाटतं.

आपल्याकडच्या दोन-तीन गोष्टी मात्र खरंच जपायला हव्यात. मधुमेह ताब्यात नसेल तर मुळाशी पडलेला डाग भरून यायला जास्त वेळ लागतो, कधी भरतच नाही. तंबाखू आणि मिसरीने हिरडी आणि हाड खंगतं, मग आतलं काम कितीही चांगलं असो, दाढ हलायला लागते. आणि कडक सुपारी. अडकित्त्याने कातरून खाल्ली तरी कॅप नसलेल्या दाढेने ती फोडू नका.

डाग भरतोय की नाही हे एका महिन्यात कळत नाही. एक वर्षाने एक्स-रे काढायचा, आणि डाग अजून असेल पण लहान झाला असेल तर चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवायचं. एका आजींच्या दाढेचे चार एक्स-रे माझ्याकडे ओळीने लावलेले आहेत. पहिल्यात मुळाशी वाटाण्याएवढा काळा गोल आहे, दुसऱ्यात मुगाएवढा, तिसऱ्यात नुसती धूसर सावली, आणि चौथ्यात हाडाची बारीक जाळी थेट मुळाला टेकलेली. दुखणं पहिल्या आठवड्यातच थांबलं होतं, बाकीचं काम त्यांच्या हाडाने तीन वर्षं गुपचूप केलं.

सुरुवातीला प्रश्न विचारणारे गृहस्थ खुर्चीत होते. मी त्यांचा एक्स-रे उजेडात धरून त्यांना दाखवला. दाढेच्या तीन भिंती शाबूत, हाडाची उंची चांगली, मागच्या मुळाशी लहानसा डाग. म्हटलं, “काका, डाग आहे म्हणून शंभरातल्या पंच्याऐंशी-एक दाढा पूर्ण बऱ्या होतात असं समजा. पण कॅपची तारीख आत्ताच ठरवू, काम सुरू करायच्या आधी. पैसे दोन हप्त्यांत दिलेत तरी चालतील.” त्यांनी खिशातून मोबाइल काढला, घरी मुलाला फोन लावला, आणि दसऱ्यानंतरचा मंगळवार केसपेपरवर लिहायला सांगितला.